पलायनाचा कैवार

शब्दकोश हें समाजाच्या पूर्वग्रहांचें संग्रहालय असतें. मराठींत लढणाऱ्यासाठीं वीर, शूर, योद्धा, लढवय्या, रणधुरंधर अशीं गौरवपदें हवीं तितकीं सांपडतात. परंतु रणांतून शहाणपणानें परत फिरणाऱ्यासाठीं एकहि मानाचें पद नाहीं. तो पळपुटा, तो भेकड, तो शत्रूस पाठ दाखविणारा! 'माघार' हा शब्द त्यांतल्या त्यांत सौम्य; पण 'माघार घेतली' असें म्हणतांच ऐकणाराच्या मनावर पराभवाची छाया पडतेच. हा जुना पूर्वग्रह आतां एका नव्या क्षेत्रांत शिरला आहे, आणि तेथें तो पूर्वीपेक्षांहि अविचारी झाला आहे, असें मला दाखवावयाचें आहे. तें क्षेत्र म्हणजे रोल-प्लेइंग या नांवानें ओळखले जाणारे व्हिडिओ गेम. विषय क्षुद्र आहे असें ज्यांस वाटेल त्यांनीं एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, असा एकेक खेळ संपविण्यास चाळीस-पन्नास तास सहज लागतात, आणि आपल्या घरांतील तरुण मंडळी तेवढा काळ एखाद्या कादंबरीच्या सहवासांत क्वचितच घालवितात. ज्या कथेंत मनुष्य इतका रमतो ती त्यास काय शिकविते हें पाहणें साहित्याच्या अभ्यासकाचें कामच आहे.

ज्या वाचकांचा या खेळांशीं परिचय नसेल त्यांच्यासाठीं थोडें विवरण अवश्य आहे. १९८६ सालीं जपानांत युजी होरी यांनीं रचलेला 'ड्रॅगन क्वेस्ट' फॅमिकॉम या घरगुती यंत्रावर आला आणि या प्रकाराचा सांचा त्यानें पुष्कळ अंशीं ठरवून टाकला. नायक माळरानावरून चालत असतां अकस्मात् एखादा राक्षस समोर ठाकतो व पडद्यावर चार आज्ञांची यादी उमटते: लढा, मंत्र म्हणा, वस्तु वापरा, पळा. पहिल्या तीन आज्ञा 'कसें लढावें' या प्रश्नाचीं उत्तरें आहेत. 'मुळांत लढावें कीं नाहीं' हा प्रश्न चौथीच आज्ञा विचारते. म्हणजे या सबंध यादींत विवेकाला जागा आहे ती एवढीच.

त्या मूळ खेळांतील हिशेबहि पाहण्याजोगा आहे. नायक मेला तर तो राजापुढें पुन्हा जिवंत होऊन उभा राहतो, परंतु त्याच्या थैलींतील निम्में सोनें गेलेलें असतें. पळून सुटला तर सोनें सगळें शाबूत. मात्र पळण्याचा प्रयत्न फसला तर वार करण्याची पाळी हातची जाते आणि शत्रूचा घाव तेवढा पदरीं पडतो. पलायनाला येथें किंमतहि आहे आणि मोलहि आहे. असें असतां 'पळा' ही आज्ञा देणाऱ्याची खेळाडूंच्या मंडळींत जी कुचेष्टा चालते ती कशाच्या आधारावर?

आधार सांगितला जातो तो शौर्याचा. त्याचा विचार करूं. भ्याडपणा म्हणजे कर्तव्य समोर असतां जिवाच्या भीतीनें तें टाकणें. वाटेंत आडव्या आलेल्या प्रत्येक प्राण्याशीं झुंजणें हें कोणाचें कर्तव्य? ज्याला राजकन्या सोडवावयाची आहे व राज्य वांचवावयाचें आहे, त्यानें रस्त्यांतल्या प्रत्येक स्लाइमशीं हिशेब चुकता करीत बसावें हा कोणता क्षात्रधर्म? गीतेनें युद्धांतून न पळणें हें क्षत्रियाच्या स्वभावकर्मांत गणलें आहे याचें कोणी मला स्मरण देईल. त्यास माझें उत्तर असें कीं, ती गीता सांगणारा जरासंधामुळें मथुरा सोडून द्वारकेस गेला, आणि डाकोरास तो आजहि 'रणछोडराय' याच नांवानें पुजिला जातो. १६६० सालीं पन्हाळ्याच्या वेढ्यांतून आणि १६६६ सालीं आग्र्याच्या कैदेंतून शिवाजी महाराज निसटले, त्या प्रसंगांचे पोवाडे आपण अभिमानानें गातों. मग ज्या मुलाला ते ऐकवितों त्यालाच खेळांत 'पळालास' म्हणून हिणवावें, यांत सुसंगति कोठें आहे?

शिवाय, ज्या शौर्याचा एवढा डांगोरा पिटला जातो त्यांत जोखीम किती असते? नायक मेला तर पूर्वीं जतन केलेल्या ठिकाणाहून खेळ पुन्हा सुरू होतो. दहा वेळां मरून अकराव्या वेळीं जिंकणाऱ्याला चिकाटीचें श्रेय खुशाल द्यावें. पण शौर्य हा शब्द तेथें शोभत नाहीं. मरणच जेथें फुकट आहे तेथें पाय रोवून उभें राहण्यांत कसला पराक्रम!

तात्पर्य, या कुचेष्टेचें मूळ शौर्याच्या कल्पनेंत नाहीं. तें जमाखर्चाच्या वहींत आहे. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद आणि फांसे घेऊन खेळावयाचा खेळ प्रसिद्ध झाला. पुढील सर्व रोल-प्लेइंग खेळांचा हा मूळपुरुष. त्याच्या आरंभींच्या आवृत्त्यांत अनुभवगुणांचा मोठा वांटा भुयारांतून बाहेर आणलेल्या खजिन्यावर मिळे. त्यामुळें राक्षसाला न जागवितां त्याचें सोनें घेऊन सटकणारा हाच चतुर खेळाडू ठरे. पाठलाग करणाऱ्या राक्षसापुढें खाद्य किंवा द्रव्य टाकून सुटका करून घेण्याचे नियमहि त्यांत होते. १९८१ च्या प्राथमिक आवृत्तींत तर प्रत्येक राक्षसाच्या धैर्याचा आंकडा दिलेला असे; तो पुढें लढतो कीं शस्त्र टाकून पळतो हें दोन फांसे टाकून ठरे. पळणें हा तेव्हां उभय पक्षांचा हक्क होता.

पुढें हा खेळ संगणकावर उतरला तेव्हां त्यांतलें मोजावयास सोपें तेवढें प्रामुख्यानें उचललें गेलें. मारलेला राक्षस मोजतां येतो. टाळलेलें संकट मोजणें कठीण. म्हणून बहुतेक खेळांत अनुभवगुण मिळतात ते मारल्याबद्दल. पळालास तर शून्य. परिणाम असा कीं, एकाच माळावर येरझारा घालून शेंकडों दुबळे जीव मारणारा नायक बलाढ्य होतो, आणि तितकींच संकटें युक्तीनें चुकविणारा होता तेथेंच राहतो. या उद्योगास खेळाडू 'ग्राइंडिंग' म्हणतात; आपल्याकडे त्यास दळण म्हणतात, आणि दळण दळणाऱ्यास कोणी महावीर म्हटल्याचें माझ्या तरी ऐकिवांत नाहीं. 'अनुभव' या थोर शब्दाची याहून मोठी विटंबना कोणती? मरणाच्या दारांतून परतलेल्या मनुष्यास कांहींच अनुभव आला नाहीं, आणि हजारावा स्लाइम चिरडणाऱ्यास मात्र आला, असें ही वही सांगते!

वहीचा हा कल एकदां ध्यानांत आला म्हणजे पुढच्या विसंगति आपोआप उलगडतात. ड्रॅगन क्वेस्टांतच मेटल स्लाइम नांवाचा एक चिमुकला शत्रु आहे. तो संधि सांपडतांच पळ काढतो, आणि नेमकें त्यालाच मारलें असतां भरघोस अनुभवगुण मिळतात. पळणारा शत्रु सर्वांत मोलाचा, पळणारा नायक कवडीमोल! १९९४ च्या सहाव्या 'फायनल फँटसी'ंत पळण्याची आज्ञा यादींत दिसतच नाहीं. यंत्राच्या दोन कळा एकदम दाबून धराव्या लागतात, जणूं घराच्या मागील दारानें चोरून जावयाचें आहे. आणि १९९९ च्या आठव्या 'फायनल फँटसी'ंतील प्रकार तर शिक्षकानें अवश्य अभ्यासावा असा आहे. तेथें नायक लष्करी विद्यालयाचा विद्यार्थी असून डॉलेट या शहरीं त्याची प्रत्यक्ष युद्धांत परीक्षा होते. या परीक्षेंत लढाईंतून पळाल्याबद्दल गुण कापले जातात. परंतु त्याच परीक्षेच्या शेवटीं एक प्रचंड यांत्रिक कोळी त्याच्या मागें लागतो. त्यास जेर करावें तों तो आपली दुरुस्ती करून पुन्हा उठतो, आणि नायकास जीव घेऊन समुद्रकिनाऱ्याकडे धांवत सुटावें लागतें. या पळण्याबद्दल गुण कापीत नाहींत. खेळ संपून वर्षें लोटलीं तरी खेळाडूंच्या स्मरणांत राहतें तें हेंच धांवणें. परीक्षकाचें गुणपत्रक एक सांगतें आणि कथेचा अत्युत्कट प्रसंग दुसरेंच सांगतो. कथेवर विश्वास ठेवावा असा माझा सल्ला आहे.

आतां प्रतिपक्षाचा खरा वजनदार आक्षेप घेऊं. ते म्हणतात: "पळत राहणारा खेळाडू शेवटच्या शत्रूपुढें दुबळाच पोंचतो, म्हणजे पळणें हें आजचें संकट उद्यांवर ढकलणें होय." हें खरें आहे, आणि असेंच असावें. फुकटच्या पलायनाची तरफदारी मी करीत नाहीं. ज्या माघारीस कांहींच मोजावें लागत नाहीं ती माघार नव्हे, तो नुसता कंटाळा होय. १९९६ च्या 'पोकेमॉन'मध्यें ही गोष्ट फार नेटकी साधली आहे. रानांतील प्राण्यापासून पळतांना आपल्या प्राण्याचा वेग त्याच्याइतका किंवा अधिक असेल तर सुटका निश्चित. कमी असेल तर शक्यतेचा प्रश्न, आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नानंतर ती शक्यता वाढत जाते. येथें पळणें हें कौशल्य आहे. त्याची तयारी करावी लागते, धीर धरावा लागतो.

परंतु त्याच खेळांत दुसऱ्या शिक्षकाशीं, म्हणजे प्राणी पाळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशीं, गांठ पडली कीं पळण्यास साफ बंदी! समर्थक म्हणतील कीं तें द्वंद्व आहे, आणि द्वंद्व सोडून जाणें अप्रशस्त. मान्य, परंतु द्वंद्वाला उभय पक्षांची संमति लागते. येथें रस्त्यानें जाणाऱ्या नायकावर प्रतिस्पर्ध्याची नुसती नजर पडली कीं युद्ध सुरू! ज्याला नकार देण्याची सोय नाहीं त्याचा होकार तरी कसला?

याच्या उलट ज्यांनीं हा विषय मनावर घेतला त्यांनीं काय साधलें तेंहि सांगितलें पाहिजे. शिगेसातो इतोई यांच्या १९९४ च्या 'मदर २' या खेळांत नायक पुरेसा बलवान झाला म्हणजे दुबळे शत्रु त्यास पाहतांच पळूं लागतात. पळण्याचा शहाणपणा शत्रूलाहि असूं शकतो ही साधी माणुसकी त्यांत आहे, आणि पळणाऱ्या जिवाचा पाठलाग करावा कीं नाहीं असा प्रश्न खेळाडूच्या मनांत उभा राहतो. २०११ च्या 'डार्क सोल्स'मध्यें तुटकी तलवार हातीं असतां पहिलाच महाकाय राक्षस अंगावर येतो, आणि शहाणा खेळाडू बाजूच्या दारानें निसटून योग्य शस्त्र मिळविल्यावर परत येतो. शौर्याबद्दल नांवाजलेल्या त्या खेळाचा पहिला धडा हा आहे.

परंतु सर्वांत पुढें गेला तो टोबी फॉक्स यांचा २०१५ चा 'अंडरटेल'. त्यांत पळण्याची आज्ञा 'दया' या सदराखालीं ठेवलेली आहे. ही वर्गवारीच एका निबंधाच्या तोलाची आहे! अंडाईन नांवाची चिलखतधारी योद्धी नायकाचा जीव घेण्यास टपलेली असते. तिला न मारतां पुढें जावयाचें असेल तर लढाईंतून पळालेंच पाहिजे. ती पाठलाग करीत तप्त प्रदेशांत येते आणि चिलखतांतील उष्म्यानें कोसळते. जवळच पाण्याचें यंत्र असतें. खेळाडूनें पेलाभर पाणी आणून तिच्यावर ओतलें तर ती उठते, क्षणभर पाहते आणि मुकाट्यानें निघून जाते. पुढें तिच्याशीं मैत्री होण्याची वाट याच प्रसंगांतून निघते. तलवारीनें जो शेवट कधींच आला नसता तो पळण्यानें आणि पेलाभर पाण्यानें आला. या प्रसंगास भ्याडपणा म्हणणाऱ्याशीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं.

हा वाद खेळापुरताच असता तर मीं लेखणी उचलली नसती. पंचवीस-तीस वर्षें महाविद्यालयांत शिकवितांना मीं पाहिलें आहे कीं, न झेपणारी शाखा वेळींच सोडून देणारा विद्यार्थी विरळा. तीन-तीनदां अपयश येऊनहि "आतां माघार नाहीं" म्हणणाऱ्याचें घरांत कौतुक होतें. वेळीं वाट बदलणाऱ्यास मात्र सोयऱ्यांपुढें मान खालीं घालावी लागते. हा रोग व्हिडिओ गेमनीं आणला असें म्हणण्याइतका मी भोळा नाहीं. तो फार जुना आहे. माझें दुःख निराळें आहे. ज्या साधनाच्या पडद्यावर पहिल्या दिवसापासून 'पळा' हा पर्याय लिहिलेला आहे, ज्यांत चूक करून पाहण्यास कोणाचा जीव जात नाहीं, तें साधन या रोगावर उतारा होऊं शकलें असतें. तें न होतां त्यानें त्याच रोगाचे आंकडे मांडावेत, ही हानि लहान नव्हे.

म्हणून रचनाकारांकडे माझें मागणें एवढेंच: यादींत 'पळा' ही आज्ञा ठेवावयाची तर ती इमानानें ठेवा. तिला किंमत लावा, पण तिचें मोलहि द्या. वांचून आलेल्याच्या नांवावर थोडा तरी अनुभव जमा करा. आणि ज्याला पळतां येणार नाहीं अशा युद्धांत त्यास ढकलण्यापूर्वी तसें कारण कथेंत निर्माण करा. हें करावयाचें नसेल तर ती आज्ञा यादींतून खुशाल पुसून टाका. शोभेच्या दारापेक्षां सरळ भिंत बरी. आणि खेळाडूंना सांगावयाचें तें असें: पुढच्या वेळीं ती चार आज्ञांची यादी समोर आली म्हणजे चौथीवर क्षणभर थांबा. तेथें थांबून, विचार करून मग लढलांत, तर त्या लढण्याला कांहीं अर्थ येईल.