फॅन आर्ट स्पर्धा घेताय? चित्राबरोबर कच्चं कामही मागा

मार्च २०२५ आठवतोय? चॅटजीपीटीमध्ये नवीन इमेज जनरेशन आलं आणि दोन-चार दिवसांत फॅमिली ग्रुपवरच्या मावशीपासून ऑफिसातल्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांचे डीपी घिबली स्टाइलचे झाले. तेव्हा मजा आली. पण एक प्रश्न त्यानंतर कायमचा मुक्कामाला आला: कुणी चित्र पाठवलं, तर ते त्याने काढलंय की काढून घेतलंय, हे ओळखायचं कसं?

सध्या हा प्रश्न माझ्या गळ्यात आहे. कॉलेजपासूनच्या आमच्या वाचनग्रुपला फॅन आर्ट स्पर्धा घ्यायचीय. फँटसी कादंबऱ्यांमधली ठरावीक प्रकरणं द्यायची, स्पर्धकांनी ती वाचून त्यातला एखादा प्रसंग काढून पाठवायचा. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणजे फॉर्म आणि नियमावली आपोआप माझ्याकडे! ग्रुपवर लगेच एक सूचना आली: "त्यात काय, एआय डिटेक्टर लाव की." हे मी करणार नाहीये. का, ते समजण्यासाठी आधी एका मोठ्या स्पर्धेचं काय झालं ते बघू.

मार्क लॉरेन्स हे ब्रिटनमधले नावाजलेले फँटसी लेखक. स्वतःची पुस्तकं स्वतःच प्रकाशित करणाऱ्या लेखकांसाठी त्यांनी २०१५ मध्ये 'एसपीएफबीओ' नावाची स्पर्धा सुरू केली. ३०० कादंबऱ्या, परीक्षक म्हणून १० ब्लॉगर्स, आणि त्याच्या जोडीला मुखपृष्ठांची एक वेगळी स्पर्धा. २०२३ मध्ये मुखपृष्ठाच्या स्पर्धेत एआय चित्रांना बंदी होती. तरीही जे मुखपृष्ठ जिंकलं, त्यावर लोकांना शंका आली. चित्रकाराने आरोप नाकारला आणि पुरावा म्हणून कामाची फाइल दाखवली. लोकांनी ती फाइल उघडून बघितली, तर मिडजर्नीच्या खुणा तिथेच सापडल्या. लेखकाने चित्रकाराला पैसे मोजून काम दिलं होतं. म्हणजे फसला तोही. मुखपृष्ठ स्पर्धेतून मागे घेतलं गेलं, आणि लॉरेन्स यांनी मुखपृष्ठांची स्पर्धा यापुढे घेणारच नाही असं जाहीर केलं. एका चित्रापायी एक चांगली चाललेली गोष्ट बंद पडली.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की खोटेपणा चित्र बघून सिद्ध झाला नाही. चित्र बघून फक्त वाद झाला. निकाल लागला तो फाइलमुळे.

आता डिटेक्टरकडे येऊ. समजा, २०० चित्रं आली आणि त्यातली २० एआयची आहेत. डिटेक्टर ९५ टक्के अचूक आहे असं धरू (हे मी उदार मनाने धरतोय, कारण व्हॉट्सॲपवरून दाबून-चेपून आलेल्या फोटोंवर या टूल्सची तारांबळ उडते). २० पैकी १९ सापडतील. छान. पण उरलेल्या १८० प्रामाणिक चित्रांपैकी ५ टक्के, म्हणजे ९ चित्रांवरही तो लाल शिक्का मारेल. एकूण २८ जण 'पकडले' जातील आणि त्यातल्या ९ जणांनी काहीच केलेलं नसेल. जवळपास तिघांत एक! सांगलीतली एखादी अकरावीतली मुलगी परीक्षा सांभाळून तीन रात्री बसून चित्र काढणार आणि तिला आपण सगळ्यांसमोर चोर ठरवणार. मला हे झेपणारं नाही.

आणि हे फक्त कागदावरचं गणित नाही. डिसेंबर २०२२ मध्ये रेडिटच्या आर्ट नावाच्या प्रचंड मोठ्या ग्रुपमधून व्हिएतनामच्या एका चित्रकाराचं चित्र काढून टाकलं गेलं. चित्र एका फँटसी पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठीच केलेलं होतं. तो म्हणाला, लेयर्ससकट फाइल दाखवतो. मॉडरेटरचं उत्तर साधारण असं होतं, की तू स्वतः काढलं असलंस तरी ते एआयसारखं दिसतं, तेव्हा स्टाइल बदल. म्हणजे पुरावा हातात असूनही सुनावणी नाही. त्यावरून इतका गदारोळ झाला की तो ग्रुप काही काळ बंद ठेवावा लागला.

"मग वॉटरमार्क असतो ना?" असतो. ओपनएआय आपल्या चित्रांच्या मेटाडेटात सीटूपीए नावाची नोंद घालतं, पण स्क्रीनशॉट काढला की ती गेली. गुगलचा सिंथआयडी पिक्सेलमध्येच लपवलेला असतो, त्यामुळे तो जास्त चिवट आहे. पण असली कुठलीच खूण न घालणारी टूल्सही ढिगाने आहेत. थोडक्यात, खूण सापडली तर चित्र एआयचं, हे ठीक. नाही सापडली, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून मी नियम उलटे लिहायला घेतलेत. शंका आल्यावर पुरावा मागायचा नाही. प्रत्येकाकडून सुरुवातीलाच, चित्रासोबत, कच्चं काम घ्यायचं. सगळ्यांकडून घेतलं की कुणावर आरोप केल्यासारखं होत नाही, आणि काय जपून ठेवायचं हे स्पर्धकाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. हे अवघडही नाही. फोनवर काढणाऱ्यांमध्ये लोकप्रिय असलेलं आयबिसपेंट चित्र कसं घडलं याचा व्हिडिओ स्वतःच बनवून देतं. आयपॅडवरच्या प्रोक्रिएटमध्ये टाइमलॅप्स आधीपासूनच चालू असतो. क्रिटामध्ये रेकॉर्डर आहे, पण तो आठवणीने सुरू करावा लागतो. आणि कागदावर काढणाऱ्यांनी? पेन्सिल स्केच, अर्धवट रंग, पूर्ण चित्र असे तीन-चार फोटो, एखाद्यात स्वतःचा हात दिसला तर उत्तम. बस्स. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा; साधा फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो आणि कधी काढला याची माहितीही पुसली जाते.

यालाही पळवाट आहेच. जुलै २०२४ मध्ये 'पेंट्स अनडू' नावाचं टूल आलं. त्याला पूर्ण झालेलं चित्र दिलं की ते 'हे असं टप्प्याटप्प्याने काढलं' असा बनावट व्हिडिओ तयार करतं. (इंजिनिअर म्हणून कौतुक वाटलं, आयोजक म्हणून डोकं धरलं.) त्यामुळे पहिल्या पाच-सहा चित्रांसाठी आम्ही आणखी एक पायरी ठेवतोय: निकालाआधी दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल. फाइल उघडा, लेयर्स दाखवा आणि सांगा, हा प्रसंग का निवडला, इथे अंधार का ठेवला, कुठलं आधी काढून पुसलं. ज्याने काढलंय तो यावर थांबवेपर्यंत बोलतो.

इथेच प्रकरण देण्याचा फायदा होतो. 'हॅरी पॉटर काढा' म्हटलं तर माणूस असो की मशीन, दोघंही सिनेमातला चेहरा काढून मोकळे. पण चौथ्या पुस्तकातलं यूल बॉलचं २३वं प्रकरण दिलंत, तर हर्मायनीचा ड्रेस पुस्तकात निळसर जांभळा आहे, सिनेमात तो गुलाबी झाला. कुणी काय वाचलंय ते लगेच दिसतं. अर्थात हा चोर पकडायचा सापळा नाही. प्रकरणातला परिच्छेद चिकटवला तर आजची टूल्स ड्रेसचा रंगही बरोबर देतील. प्रकरणाचा खरा उपयोग दुसराच आहे. टोव्ह यानसन या चित्रकर्तीने १९६२ च्या स्वीडिश 'हॉबिट'साठी गॉलम काढला तो चक्क राक्षसाएवढा! कारण तो किती मोठा आहे हे टॉल्किनने लिहिलंच नव्हतं. पुढच्या सुधारित आवृत्तीत टॉल्किनने तो लहान असल्याचं मजकुरात घातलं. लेखकाने जे लिहिलं नाही ते चित्रकाराने कसं भरलं, हेच तर अशा स्पर्धेत बघायचं असतं. म्हणून आमच्या फॉर्ममध्ये एक सक्तीचा रकाना आहे: प्रकरणात नसलेलं तुम्ही काय घातलं आणि का? मराठीत, चार ओळी.

उरला हक्कांचा मुद्दा. स्पर्धेच्या नियमांत बऱ्याचदा तळाशी एक ओळ असते, की पाठवलेल्या सर्व चित्रांचे हक्क आयोजकांकडे राहतील. जिंकलेल्यांच्याच नाही, सर्वांच्या! अशी ओळ दिसली तर भाग घेऊ नका आणि तुम्ही आयोजक असाल तर ती लिहू नका. 'स्पर्धेच्या पानावर नावासह दाखवण्यापुरती परवानगी' एवढं पुरतं. मी त्यात 'एआय ट्रेनिंगसाठी कुणालाही देणार नाही' हेही घालतोय. दुसरी बाजू लेखकाची. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट टिकतो. टॉल्किन १९७३ मध्ये गेले, म्हणजे त्यांची पुस्तकं २०३३ संपेपर्यंत संरक्षित. हौसेने काढलेल्या चित्रांकडे बहुतेक लेखक कानाडोळा करतात, कधी खूशही होतात. डेन्मार्कच्या मार्गरेट यांनी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'साठी काढलेली चित्रं टॉल्किनना पाठवली होती, आणि १९७७ मध्ये फोलिओ सोसायटीच्या आवृत्तीत टोपणनावाने त्यांच्याच चित्रांचा आधार घेतला गेला. तोवर त्या राणी झाल्या होत्या! पण त्याच पात्राचे टी-शर्ट विकायला निघालात की गोष्ट वेगळी.

यातून सुटायचा एक सोपा मार्ग मी ग्रुपपुढे ठेवलाय: एक फेरी नाथमाधवांच्या 'वीरधवल'वर घेऊ. ते १९२८ मध्ये गेले, त्यामुळे कॉपीराइटचा प्रश्नच नाही. शिवाय त्याचा सिनेमातला ठरलेला चेहरा कुणाच्या डोळ्यांसमोर नसल्यामुळे तो प्रत्येकाला स्वतःच शोधावा लागेल. ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी ते पुस्तक वाचलेलंच नाही, म्हणून प्रवेशाची तारीख तीन आठवडे पुढे ढकललीय.