विश्लेषण : बहुसांस्कृतिक कॅनडात पोलीस कोणाला अडवतात?

बहुसांस्कृतिकता हे अधिकृत धोरण म्हणून सर्वप्रथम स्वीकारले ते कॅनडाने, १९७१ मध्ये. १९८२ च्या हक्कांच्या सनदेत त्याचा उल्लेख आला, १९८८ मध्ये कायदाही झाला. आपापली भाषा, सण, पेहराव जपायला सरकारचा पाठिंबा मिळाला. मात्र पोलीस रस्त्यात कोणाला थांबवतात, हा प्रश्न या धोरणाने फारसा हाताळलाच नाही.

‘कार्डिंग’ म्हणजे काय?

कोणत्याही गुन्ह्याचा संशय नसताना माणसाला थांबवायचे, नाव-पत्ता विचारायचा आणि त्याची नोंद ठेवायची, याला कार्डिंग म्हणतात. टोरांटोत त्याचा जाच कृष्णवर्णीय तरुणांना सर्वाधिक झाला. उत्तर नाकारण्याचा हक्क होताच, पण गणवेशातला अधिकारी समोर उभा असताना तो बजावणार कोण? २०१७ पासून ऑन्टारियो प्रांतात पोलिसांनी हा हक्क आधी समजावून सांगणे बंधनकारक झाले. पुढे न्यायमूर्ती मायकल टुलक यांनी अशी सरसकट विचारपूस थांबवण्याचीच शिफारस केली. तिच्यामुळे गुन्हे घटतात, याचा फारसा पुरावा त्यांना आढळला नाही.

सर्वोच्च न्यायालय काय म्हणाले?

२०१२ मध्ये टोरांटोतील एका घराच्या परसात पाच तरुण गप्पा मारत होते. चार कृष्णवर्णीय, एक आशियाई वंशाचा. पोलीस वॉरंट आणि परवानगीशिवाय आत शिरले, ओळखपत्रे मागू लागले. आशियाई तरुणाला बॅगेत काय आहे विचारताच तो पळाला. पकडल्यावर त्याच्याकडे पिस्तूल आणि अमली पदार्थ सापडले. खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी निर्दोष सोडले.

पिस्तूल सापडूनही? हो. निकालाचे महत्त्व इथेच आहे. पोलीस परसात शिरले त्याच क्षणी हे तरुण बेकायदा अडवले गेले होते, म्हणून तो पुरावा बाद, असे बहुमताने ठरवले. आपल्याला तिथून निघून जाता येईल असे माणसाला वाटते का, हे ठरवताना त्याच्या समाजाचा पोलिसांबाबतचा अनुभवही पाहावा लागेल, असे न्यायालयाने म्हटले. पोलिसांशी वारंवार गाठ पडलेला तरुण हक्कांबाबत धीट होतो, हा युक्तिवाद न्यायालयाला पटला नाही. तो उलट निमूटपणे ऐकण्याचीच शक्यता जास्त. उपनगरातल्या सुखवस्तू गोऱ्या माणसाला मोजायची फूटपट्टी इथे चालत नाही, हे निदान मान्य झाले.

पुढे काय?

टोरांटो पोलिसांनी २०२० मधील स्वतःचीच आकडेवारी २०२२ मध्ये जाहीर केली. शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १० टक्के, पण पोलिसांनी बळ वापरलेल्यांत त्यांचे प्रमाण सुमारे ३९ टक्के. पोलीसप्रमुखांनी माफी मागितली. त्याच वर्षी क्वेबेकमध्ये न्यायालयाने विनाकारण गाडी थांबवण्याचा पोलिसांचा अधिकार रद्द ठरवला. अर्जदार तरुण कृष्णवर्णीयच होता. २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला, तेव्हा प्रांत सरकारने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.