मोजमाप एकच असावे, मशिदीला आणि मिरवणुकीलाही

यंदाचा रमजान दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत आला आहे. सहरीसाठी पहाटे चारला जागे होणारे घर आणि मध्यरात्रीपर्यंत अभ्यास करून नुकतेच झोपलेले शेजारचे मूल यांच्यामध्ये अनेकदा एकच भिंत असते. त्यामुळे मशिदीवरच्या भोंग्याचा प्रश्न अस्मितेचा होण्याआधी शेजारधर्माचा आहे. त्याची चर्चा मुस्लिम समाजाने स्वतःहून केली, तर ती अधिक शोभेल.

कायदा स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. वर्ध्यात फजरची अजान बाराही महिने सहाच्या आधी होते, सहरीची घोषणा तर त्याच्याही आधी. मुंबई उच्च न्यायालयाने २३ जानेवारी २०२५ रोजी कुर्ला-चुनाभट्टी भागातील रहिवासी संघटनांच्या याचिकेवर निकाल देताना सांगितले, की लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. हा निकाल केवळ मशिदींविरुद्ध आहे असे मानून दुखावलेले आणि तसे भासवून खूश झालेले, दोघेही त्यातला ‘कोणत्याही’ हा शब्द विसरतात.

अजान सुमारे चौदाशे वर्षांची आहे. ती पहिल्यांदा हजरत बिलाल यांच्या कंठातून उमटली, यंत्रातून नव्हे. मशिदीत लाऊडस्पीकर आला तो विसाव्या शतकात. सिंगापूरच्या सुलतान मशिदीत तो १९३६ मध्ये बसल्याचे सांगितले जाते. सूरह इस्रामध्ये तर नमाजच्या आवाजासाठीही मधला मार्ग सांगितला आहे. सौदी अरेबियाने २०२१ मध्ये मशिदींचे बाहेरचे लाऊडस्पीकर अजान आणि इकामतपुरतेच ठेवण्याचा आणि आवाज एक तृतीयांशावर आणण्याचा आदेश काढला. तेथे यामुळे धर्म धोक्यात आला नाही.

थोडे आवाजाचे गणितही पाहू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. मात्र एकाच दिशेला एकऐवजी चार सारखे भोंगे लावले की तो तेवढाच चढतो. म्हणजे ४० मीटरवरच्या घराला चार भोंगे २० मीटरवरच्या एका भोंग्याइतके जाणवतात. डीजेचा खर्जातला दणका भिंतीनेही नीट अडत नाही. त्यात आपल्याकडे होळीनंतर कूलर सुरू होतात आणि कूलरसाठी खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. आजारी माणसाला दार-खिडक्या लावून घे, हा सल्ला विदर्भातल्या उन्हाळ्यात देता येत नाही.

“फक्त आमच्याच भोंग्यावर बोट का?” हा प्रश्न मोहल्ल्यात विचारला जातो आणि तो खोटा नाही. वरातीतला डीजे, जयंतीची मिरवणूक, मिलादचा जुलूस हे सगळे त्याच नियमाखाली येतात. सण-उत्सवांसाठी सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते, पण ती वेळेची सवलत आहे, वाटेल तेवढ्या आवाजाची नाही. मात्र हा प्रश्न ठामपणे विचारायचा तर आधी आपला भोंगा नियमात असला पाहिजे.

ते अवघड नाही. सहरीसाठी छापील वेळापत्रक आणि मोबाईलचा गजर पुरतो. तरावीहसाठी आत छोटे बॉक्स स्पीकर लावावेत. फजरची अजान बाहेरच्या भोंग्याविना द्यावी. मुंबईत २०२५ मध्ये काही मशिदींनी मोबाईल ॲपवरून अजान घरोघरी पोहोचवली. दिवसाच्या अजानीचा आवाज मशीद कमिटीने शेजाऱ्याच्या खिडकीशी उभे राहून ठरवावा.

पोलिसांचीही जबाबदारी आहे. तक्रारदाराची ओळख उघड न करता कारवाई करा, असे याच निकालात सांगितले आहे. जिथे सगळे एकमेकांना ओळखतात, त्या वर्ध्यासारख्या गावात याचे मोल मोठे आहे.

सेवाग्रामच्या प्रार्थनेत गीतेसोबत कुराणातील आयतीही म्हटल्या जात आणि गांधीजी सोमवारी मौन पाळत. त्या जिल्ह्याला हे कठीण जाऊ नये. यंदा गुढीपाडवा आणि ईद एकापाठोपाठ येत आहेत. शांतता समितीच्या बैठकीत डेसिबल मोजण्याचे यंत्र टेबलावर ठेवावे आणि मशीद कमिट्या, मंडळे व डीजेवाले यांनी एकच आकडा मान्य करावा. यंत्र कोणाचे नाव विचारत नाही. ते हाताळणाऱ्यांनीही विचारू नये.