पावसाळ्याची बेगमी करतो, अंधाराची का नाही?



मृग लागण्याआधी आपल्या घरात काय काय होते ते सांगायला नको. गोवऱ्या आत येतात, पऱ्हाटी छपराखाली रचली जाते, कडब्याची गंजी शाकारली जाते, डाळी भरडून होतात, लोणच्याची बरणी भरते. चार महिने बाहेर पडता आले नाही तरी चूल पेटली पाहिजे, ही व्यवस्था आपल्या आज्या-पणज्यांनी लावून दिली. त्यासाठी कोणत्या सरकारने जीआर काढला नव्हता. मग त्याच घरात, त्याच पावसात वीज गेली की आपण ओट्यावर हात बांधून बसतो आणि एकमेकांना विचारतो, "लाईन कवा येते?" ही सवय आपल्याला कोणी लावली?

आम्ही रोजच्या भारनियमनाबद्दल बोलत नाही. ते दुखणे जुने आहे आणि त्यावरची भांडणे चालूच राहतील. आम्ही बोलतो आहोत ते वादळात खांब आडवे झाल्यावर, डीपी जळाल्यावर, नाल्याला पूर येऊन तारा वाहून गेल्यावर जो अंधार चार-आठ दिवस हलत नाही, त्याबद्दल.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या गावाने असा अंधार पाहिला. वळवाच्या वाऱ्याने नऊ खांब पाडले. पहिल्या रात्री कोणाला काही वाटले नाही. दुसऱ्या दिवशी घरोघरचे फोन मेले आणि संध्याकाळी गावचा टॉवरही बंद पडला. तिसऱ्या दिवशी पाण्याची टाकी रिकामी झाली आणि सगळे गाव एका हापशावर लोटले. चक्की बंद, म्हणून घरात ज्वारीची पोती असूनही भाकरीला पीठ नाही. चौथ्या रात्री अंगणात निजलेल्या एका माणसाला मण्यार चावली. कोणाचाही फोन लागेना. एका पोराने फवारणी पंपाच्या बॅटरीवर आपला फोन चार्ज केलेला होता. तो अंधारात माळावर चढला, तिथे तालुक्याच्या टॉवरची रेंज मिळाली, १०८ला फोन गेला. माणूस वाचला. लोक म्हणाले, देवाची कृपा. असेल. पण त्या कृपेला एक चार्ज झालेला फोन लागला, आणि तो साऱ्या गावात एकच होता, याची आम्हाला लाज वाटते.

सातव्या दिवशी लाईन आली. उशीर का झाला, असे विचारले तर उत्तर मिळाले, "नैसर्गिक आपत्ती."

हे दोन शब्द नीट समजून घ्या. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या नियमांत बिघाड दुरुस्तीला मुदत घालून दिलेली आहे. खेड्यातली डीपी जळाली तर ४८ तासांची. मुदत पाळली नाही तर ग्राहकाला भरपाई मागता येते. पण वादळ, पूर अशा आपत्तीला या मुदतीतून सूट आहे. म्हणजे साध्या दिवशी घड्याळ चालू, आणि माणूस खरा अडचणीत सापडला की घड्याळ बंद!

आणि आपत्ती सगळ्यांची सारखी नसते. २०२० सालचेच पाहा. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांनी त्यानंतर आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबईची वीज गेली. काही तासांत लोकल धावू लागल्या, रात्रीपर्यंत बहुतेक शहर उजळले, आणि चौकशीचे आदेशही निघाले. मुंबईची वीज लवकर आली याचे आम्हाला दुःख नाही. खांब उभे करण्यापेक्षा उपकेंद्रातला बिघाड काढणे सोपे, हेही आम्हाला कळते. पण दुरुस्तीची पथके, खांब आणि तारा आधी कोणत्या रस्त्याला लागतात, हे कळायलाही फार शिक्षण लागत नाही. त्या रांगेत कोरडवाहू गाव शेवटी उभे आहे. म्हणून आमचे म्हणणे एवढेच: मागणी सोडायची नाही, पण मागणी मंजूर होईपर्यंत अंधारातही बसायचे नाही.

आता कोणी म्हणेल, हे बोलणे पैसेवाल्यांचे. आधी हिशोब करू. लांबलेल्या अंधारात घराला खरोखर काय लागते? नऊ वॅटचे दोन एलईडी बल्ब रात्री पाच तास, म्हणजे ९० वॅट-तास. तीन फोन पूर्ण चार्ज करायला साधारण ६०. झाले १५०. घरात माणूस पडू नये, साप दिसावा, दवाखान्याला फोन लागावा, एवढ्यासाठी रोज १५० वॅट-तास पुरतात. टीव्ही, फ्रिज, कूलर ही सोय आहे, गरज नव्हे.

यातली काही वीज तुमच्या घरात आताच आहे. कापूसवाल्याकडे फवारणीचा बॅटरी पंप असतो. त्यातली बॅटरी बहुधा १२ व्होल्टची, आठ किंवा बारा अँपिअर-अवरची. आठची असली तरी पाच वॅटचा १२ व्होल्टी बल्ब रात्रभर चालतो, किंवा दोन फोन चार्ज होतात. लागतो तो फक्त १२ व्होल्टचा बल्ब आणि मोटारीत लावतात तसला यूएसबी चार्जर. मात्र बॅटरी पंपातून बाहेरच काढा, ओल्या फडक्याने पुसा, हात साबणाने धुवा. विषाची टाकी घरात आणू नका. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याच्या बॅटरीत याच्या दहापट वीज असते. तिच्यावर रोज दोन-तीन फोन आणि एक छोटा दिवा खुशाल चालवा. पण ती निम्म्याखाली उतरवू नका. सेल्फ मारायची बॅटरी पुन्हा पुन्हा रिकामी केली तर लवकर मरते, आणि पेशंट न्यायच्या वेळी ट्रॅक्टर जागचा हलत नाही.

मग इन्व्हर्टर? बाजारात दुकानदार आधी भीती विकतो, मग मशीन. १५०ची बॅटरी आणि इन्व्हर्टर मिळून वीस हजारांच्या घरात जातात, म्हणजे जवळजवळ तीन क्विंटल कापूस. तो देण्याआधी हे विचारा. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास. बॅटरी टिकायची तर निम्मी वापरायची, म्हणजे ९००. वाटेतली गळती जाता हाती साधारण ७५०. दिवे आणि फोन एवढेच चालवले तर पाच रात्री. त्यात ७५ वॅटचा जुना पंखा आठ तास फिरवला की सगळी बॅटरी एका रात्रीत संपते. पंखा लागणारच असेल, घरात बाळंतीण किंवा म्हातारे माणूस असेल, तर तीस वॅटच्या आसपासचा बीएलडीसी पंखा घ्या. मग तीच बॅटरी जेमतेम दोन रात्री जाईल. आणि काम नसताना इन्व्हर्टर बटणावर बंद ठेवा. नुसता चालू राहूनही तो वीज पितो.

ज्याच्याकडे एवढे पैसे नाहीत त्याने खंतावू नये. १२ व्होल्ट २० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, ५० वॅटचे सौर पॅनेल, एक चार्ज कंट्रोलर आणि १२ व्होल्टचे दोन-तीन बल्ब, एवढ्यावर वर सांगितलेली गरज भागते. स्वच्छ उन्हात असे पॅनेल दिवसाला २०० वॅट-तासांपर्यंत देते. आभाळ भरून आले की पाव भागावर येते, म्हणून बॅटरी वादळाआधी भरलेली हवी. दोन-तीन भावकीच्या घरांत मिळून एक घेतले तरी चालेल.

इथे एका मोठ्या फसगतीबद्दल सावध करतो. २०२४ पासून केंद्राच्या सूर्यघर योजनेतून छपरावर सौर पॅनेल बसू लागली. तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. बिल कमी होते, हे खरे. पण ज्या पॅनेलबरोबर बॅटरी नाही, ते लाईन गेली की स्वतःही बंद होते. भर दुपारी ऊन असले तरी! तारेवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून ती यंत्रे तशीच बनवलेली असतात, आणि ते बरोबरच आहे. पण ही गोष्ट जाहिरातीत मोठ्या अक्षरात का नसते? अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर मोजतात, बॅटरीवर नाही. म्हणून सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा: "लाईन गेल्यावर माझ्या घरात बल्ब लागेल का?" उत्तर कागदावर घ्या.

शेतातल्या सौर पंपाच्या पॅनेलवरून घराला वायर ओढण्याचा उद्योग तर कोणीच करू नये. त्या जोडणीत शेकडो व्होल्टचा डीसी करंट असतो. तो माणसाला सोडत नाही.

जनरेटर असेल तर तो घरात, पडवीत, गोठ्यात लावू नका. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो; झोपलेला माणूस उठत नाही. आणि जनरेटरची वायर घरच्या बोर्डात खुपसू नका. ती वीज उलटी डीपीत जाते, तिथे ११ हजार व्होल्ट होते, आणि खांबावर चढलेला वायरमन मरतो. तो पोरगा बहुधा कंत्राटी असतो आणि आपल्याच कोणाच्या तरी घरचा असतो. चेंजओव्हर स्विच बसवल्याशिवाय जनरेटर जोडायचा नाही, हा गावाचा नियम झाला पाहिजे.

सगळी बेगमी विजेची नसते. आभाळ फिरले की पाण्याची भांडी भरा. आठ दिवसांचे पीठ दळून ठेवा; जाते अडगळीत असेल तर ते बाहेर काढा. सेलवरचा रेडिओ ठेवा, कारण टॉवर मेला की बातमी तिथूनच येईल. प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर भिंतीवर लिहा. गावाचा हापसा नादुरुस्त असेल तर तो मेच्या आत दुरुस्त करून घ्या.

वीज कंपनीला आणि सरकारला सांगायचे तेही आपण सोडणार नाही. आपत्तीतली दुरुस्तीही मुदतीत बांधा, मुदत वाढवून द्या पण ती लिहून द्या. तालुक्याच्या ठिकाणी खांब आणि तारांचा साठा पावसाळ्याआधी ठेवा. छपरावरच्या सौर योजनेत बॅटरीलाही अनुदान द्या. पाणीपुरवठ्याच्या पंपाला आणि आरोग्य केंद्राच्या लसीच्या फ्रिजला स्वतंत्र वीज द्या. घरात दिवा लावून आपण मागायला गेलो, तर कोणी म्हणेल, यांची सोय झालेली आहे, आता यांना घाई नाही. त्यांना सांगू, दिवा आमचा आहे, बिलही आम्हीच भरतो, आणि बिल ज्या विजेचे घेता ती वेळेवर पोचवणे तुमचे काम आहे.

जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. गेल्या पाच वर्षांत सर्वांत लांब अंधार किती दिवसांचा होता, त्यात काय काय बंद पडले, गावात किती फवारणी पंप, किती ट्रॅक्टर, किती इन्व्हर्टर आहेत, आणि कोणाच्या घरी म्हातारे, आजारी किंवा बाळंतीण आहे. त्या घरांत पहिला दिवा कोण नेऊन लावणार, त्याचे नाव त्याच कागदावर लिहा. रोहिणी निघण्याआधी हे काम झाले पाहिजे.