पिवळ्या पिनेतून येणारं एचडी

दरमहा एचडीचे पैसे भरायचे आणि पाहायचं मात्र साधंच चित्र, अशी घरं शोधायला फार लांब जावं लागत नाही. टीव्हीच्या मागे हात घालून पाहिलं तरी पुरे. सेट-टॉप बॉक्समधून पिवळी, पांढरी आणि तांबडी अशा तीन पिनांची वायर निघून टीव्हीत गेली असेल, तर त्या घरात एचडी पोचतच नाही. ही वायर ट्यूबच्या जाडजूड टीव्हीच्या जमान्यातली. चित्र फक्त पिवळ्या पिनेतून जातं, बाकीच्या दोन आवाजाच्या. बॉक्स कितीही महागाचा असो, पॅक कुठलाही असो, त्या पिवळ्या पिनेतून एचडी जाऊच शकत नाही. त्यासाठी चपट्या तोंडाची एचडीएमआय केबल लागते. पण जुनी वायर जागेवर असतेच, बॉक्स बसवायला आलेल्या मुलाला पुढच्या घरी जायची घाई असते, आणि नवी केबल प्लास्टिकच्या पिशवीसकट टीव्हीखालच्या खणात जाऊन पडते.

दुसरी गंमत रिमोटची. एचडी वाहिनीचा नंबर वेगळा आणि साध्या वाहिनीचा वेगळा. आजींना पाठ असलेला नंबर साध्या वाहिनीचा. मुलाने हौसेने एचडी घेऊन दिलं, तरी संध्याकाळी सात वाजता आजींचा अंगठा जुन्याच आकड्यांवर पडतो. साधी वाहिनी आधीच्या यादीतून काढायची राहून गेली असेल, तर ती निमूटपणे चालू होते. एकाच मालिकेचे दोनदा पैसे जातात आणि तक्रार कुणाचीच नसते.

एचडीचं चित्र साध्यापेक्षा चांगलं असतं, यात वादच नाही. भारतातलं साधं प्रक्षेपण ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके. एचडी वाहिनीचं १९२० बाय १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजारांवर. पाचपट तपशील. दुकानात शेजारी शेजारी दोन टीव्ही लावून दाखवले की कुणीही एचडीकडेच बोट दाखवेल. पण दुकानात माणूस टीव्हीपासून दोन-तीन फुटांवर उभा असतो. घरी तो तितक्या जवळून टीव्ही पाहत नाही, आणि पाहायला लागला तर आई ओरडते.

डोळ्याला तपशील कुठवर दिसतो, याचं ढोबळ माप आहे. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारीक फरक कळतो. त्या हिशेबाने ३२ इंची टीव्हीवर एचडीचा प्रत्येक ठिपका वेगळा दिसायला साधारण चार फुटांवर बसावं लागेल. उलट आठ-दहा फुटांवर गेलं की साध्या चित्राचे ठिपकेही एकमेकांत मिसळून जातात. मग समोर ४ लाख ठिपके आहेत की २० लाख, हे डोळ्याला फारसं उमगत नाही. ५५ इंची पडद्याचं गणित वेगळं. त्यावर एचडीचा पूर्ण तपशील सातेक फुटांपर्यंत दिसतो, आणि साध्या चित्राचा गिचमिडपणा दहा फुटांवरच्या सोफ्यावरूनही डोळ्यांत खुपतो.

शिवाय घरोघरी भिंतीवर टांगलेले ३२ इंची टीव्ही बऱ्याचदा ‘एचडी रेडी’ असतात. त्यांच्या पडद्यावर १३६६ बाय ७६८, म्हणजे साडेदहा लाखांच्या आत ठिपके असतात. एचडी वाहिनी त्यावर लावली की निम्मा तपशील टीव्हीच गाळून टाकतो. साध्यापेक्षा चित्र तरीही उजवं दिसतं, पण पैसे २० लाखांचे आणि दर्शन १० लाखांचं.

पडदे मात्र मोठे होत चालले आहेत. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवरचा जीएसटी जानेवारी २०१९ मध्येच २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता. मोठ्या टीव्हीला ती सवलत मिळायला २२ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. दसऱ्या-दिवाळीला ४३ किंवा ५५ इंची टीव्ही घरी आणायचा आणि पहिल्याच रात्री ‘जुन्यावर बरं दिसत होतं’ म्हणायचं, हे अनेकांच्या घरी घडतं. टीव्ही खराब नसतो. तेच ४ लाख ठिपके दुप्पट-तिप्पट जागेवर पसरले की चेहऱ्याच्या कडा धूसर होतात आणि बातम्यांची पट्टी फिसकटते. अशा घरात एचडीचा विचार करायलाच हवा, आणि टीव्हीवर चाळीस-पन्नास हजार घातल्यावर महिन्याच्या शंभरभर रुपयांसाठी हात आखडता घेण्यात काही शहाणपण नाही.

आता घरात पाहिलं काय जातं, हा प्रश्न. एचडीचे पैसे खऱ्या अर्थाने फेडतं ते क्रिकेट. साध्या वाहिनीवर कॅमेरा सीमारेषेकडे झपकन वळला की हिरवळीचा लगदा होतो, कारण मोजक्या जागेत कोंबलेल्या चित्राला सर्वांत अवघड जातं ते झपाट्याने बदलणारं बारीक पोत. चेंडू त्या लगद्यात हरवतो. एचडीत शिवण फिरताना दिसते, बॅटची कड लागली की नाही याचा अंदाज पंचांच्या आधी घरच्या तज्ज्ञांना बांधता येतो. कबड्डी, फुटबॉल, टेनिस यांनाही हे कमी-अधिक लागू आहे. निसर्गावरच्या माहितीपटांचंही तसंच.

मालिकांचं काय? स्टार प्रवाह, झी मराठी आणि कलर्स मराठी यांच्या एचडी आवृत्त्या २०१६ मध्ये आल्या. तेव्हापासून पैठणीचा काठ आणि देवघरातली समई अधिक ठसठशीत दिसू लागली, हे मान्य. पण मालिकेचा निम्मा वेळ पडदाभर चेहरा असतो आणि उरलेला अर्धा वेळ त्या चेहऱ्यावर धक्का बसलेला दाखवण्यात जातो. हे साध्या चित्रातही नीट समजतं. स्वयंपाकघरातून पोळ्या लाटता लाटता मालिका ऐकणाऱ्यांना तर एचडीचा उपयोग शून्य. बातम्यांच्या मराठी वाहिन्या बहुतेक साध्याच आहेत, आणि तिथे पडद्याचा बराच भाग पट्ट्या, घड्याळ, चौकटी आणि जाहिरातींनी व्यापलेला असल्यामुळे अधिक ठिपके देऊन काय साधणार, हाही प्रश्नच. जुने कार्यक्रम एचडी वाहिनीवर लागले म्हणून एचडी होत नाहीत. नव्वदच्या दशकात व्हिडिओ टेपवर चित्रित झालेल्या मालिकेत जेवढा तपशील टिपला गेला तेवढाच आहे. तो यंत्राने फुगवला तरी नवा जन्मत नाही. फिल्मवर चित्रित झालेल्या सिनेमाची मूळ निगेटिव्ह नव्याने स्कॅन केली तर तो डोळे दिपवतो, पण वाहिनीकडे जुन्या टेपवर उतरवलेली प्रत असेल तर एचडीच्या नंबरावरही धूळच दिसते.

थोडक्यात, एचडी ही वाहिनीगणिक ठरवायची गोष्ट आहे. विकली मात्र जाते ती घाऊक.

खरं तर वाहिनीगणिक निवडीचा हक्क ग्राहकाला कायद्याने मिळालेला आहे. दूरसंचार नियामक ट्रायचा नवा दरआदेश सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑक्टोबर २०१८ रोजी उचलून धरला आणि फेब्रुवारी २०१९ पासून तो घरोघरी लागू झाला. प्रत्येक सशुल्क वाहिनी सुटी विकलीच पाहिजे आणि तिची किंमत जाहीर केलीच पाहिजे, हा त्याचा गाभा. पॅकमध्ये घालायची वाहिनी सुटी १९ रुपयांहून महाग नसावी, असं बंधन आलं. एकाच पॅकमध्ये एकाच वाहिनीची साधी आणि एचडी अशा दोन्ही आवृत्त्या घालता येणार नाहीत, असंही त्यात होतं. याशिवाय दरमहा जास्तीत जास्त १३० रुपये आणि वर जीएसटी असं शंभर वाहिन्या घरी पोचवण्याचं भाडं ठरलं, त्यात एक एचडी वाहिनी दोन साध्यांच्या बरोबरीची धरली गेली. शंभराच्या पुढे दर २५ वाहिन्यांना जास्तीत जास्त २० रुपये होते. म्हणजे एचडीने अडवलेल्या जास्तीच्या एका जागेचा भार तेव्हा ८० पैसे, कर धरून एक रुपयाच्या आत.

आणि वाहिनीची किंमत? २०१९ मध्ये स्टार प्लस, सोनी, कलर्स या हिंदी वाहिन्यांनी साधी आवृत्ती १९ रुपयांना लावली आणि एचडीही १९ रुपयांनाच. १९ ची मर्यादा दोन्हींना सारखी होती आणि कंपन्यांनी दोन्हीकडे तिला टेकूनच दर लावले. ज्याने सुट्या वाहिन्या घेतल्या, त्याला चार आवडीच्या वाहिन्या साध्याऐवजी एचडी करायला त्या वेळी जवळपास काहीच जादा पडत नव्हतं. चार एचडी वाहिन्या, १९ रुपयांप्रमाणे ७६, करासह ८९ रुपये ६८ पैसे. साध्या चार घेतल्या असत्या तरी बिल तेवढंच.

मग एचडी महाग आहे हा समज कुठून आला? पॅकमधून. सुटी वाहिनी मुद्दाम महाग आणि पॅक भरघोस सवलतीत, ही चाल कंपन्यांनी पहिल्या दिवसापासून खेळली. सुटं घेणाऱ्याला आपण मूर्ख ठरतोय असं वाटावं इतकी ती सवलत होती, आणि ट्रायला पुढे पॅकवरच्या सवलतीला ४५ टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. साध्या पॅकमधून एचडी पॅककडे जाताना मग फरक दहा-वीस वाहिन्यांचा एकदम भरावा लागतो, त्यातल्या तीन-चारच घरात लागत असल्या तरी. जुलै २०२४ पासून भाड्याच्या रकमेवरची मर्यादाही ट्रायने काढून घेतली. आता ते किती घ्यायचं हे केबल आणि डिश कंपन्यांवर सोपवलं आहे, फक्त दर जाहीर करायची अट आहे. जाहीर म्हणजे कुठे, तर संकेतस्थळाच्या तळाशी, बारीक अक्षरात. रिचार्जच्या अॅपमध्ये पॅक ठळक रंगात समोर येतात. सुटी वाहिनी निवडायला तीन-चार पडदे ओलांडावे लागतात. केबलवाल्याकडे सुट्या वाहिनीचा विषय काढला तर ‘तसं परवडत नाही साहेब, पॅकच घ्या’ हे उत्तर ठरलेलं.

कंपन्यांची बाजूही पूर्ण पोकळ नाही. एचडी वाहिनी उपग्रहावर साध्या वाहिनीच्या तिप्पट-चौपट जागा खाते, आणि ती जागा फुकट मिळत नाही. जून २०२२ मध्ये फ्रेंच गयानातून सुटलेल्या जीसॅट-२४ या उपग्रहाची सगळी क्षमता टाटा प्लेने भाड्याने घेतली, ती वाहिन्यांना जागा पुरावी म्हणूनच. पण हा युक्तिवाद डिशवाल्यांना जितका शोभतो तितका फायबर ओढलेल्या केबलवाल्यांना शोभत नाही. शिवाय मालिका आणि सामने आता चित्रित होतात ते एचडीतच. साधी वाहिनी म्हणजे त्याच चित्राची बारीक केलेली प्रत. तीच वाहिनी दोनदा पाठवायची, जागा दोनदा अडवायची आणि जागा महाग म्हणून ग्राहकाकडे हात पसरायचा, हे फार दिवस चालण्यासारखं नाही. साधी आवृत्ती हळूहळू बंद करून एचडीच मूळ किमतीत देणं हाच सरळ मार्ग आहे. तोवर दूरदर्शनच्या फ्री डिशवर पैसे न भरता टीव्ही पाहणारी कोट्यवधी घरं या वादाकडे दुरूनच पाहतील.

ग्राहकांनीही वाट पाहिलेली नाही. २०२० च्या सुमारास पैसे भरून डिश पाहणारी घरं सात कोटींच्या आसपास होती, ती आता सहा कोटींच्या खाली आली आहेत. २०२३ ची आयपीएल जिओ सिनेमाने मोबाइलवर फुकट आणि फोर-केमध्ये दाखवली, तेव्हा डिशवर एचडीचे वेगळे पैसे भरणाऱ्याला आपलं काहीतरी चुकतंय असं वाटलं असेल तर नवल नाही. ते फुकटचं पर्व सरलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार सुरू झालं तेव्हा तीन महिन्यांचे दर होते मोबाइलपुरते १४९, एचडीचे २९९ आणि फोर-केचे ४९९. ठिपक्यांची दुकानदारी तिथेही आलीच. त्यात एचडी पाहायला तासाला दोन-तीन जीबी डेटा लागतो, म्हणजे दिवसाच्या दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर एक पूर्ण इनिंगही निघणार नाही. घरी ब्रॉडबँड हवं. आणि थेट सामना इंटरनेटवर काही सेकंद मागून येतो. शेजारच्या डिशवाल्या घरात आरडाओरडा झाला की इथे गोलंदाज आत्ता कुठे धावायला लागलेला असतो.

म्हणून ज्या घरात ४३ इंच किंवा त्याहून मोठा पडदा आहे आणि सामने चुकवले जात नाहीत, तिथे खेळाच्या दोन वाहिन्या आणि आवडीची एखादी मराठी वाहिनी एचडी करून घ्यावी, आणि त्यांच्या साध्या आवृत्त्या यादीतून त्याच दिवशी काढाव्यात. आयपीएल संपली की खेळाची वाहिनी बंद करून पुढच्या क्रिकेट मालिकेला पुन्हा सुरू करता येते. ३२ इंची टीव्ही आणि पलीकडच्या भिंतीला टेकलेला दिवाण, एवढ्यावर घर चालत असेल तर एचडी पॅकवर एक रुपयाही घालू नये. बॉक्स आधीच एचडीचा असेल तर खणातली केबल तेवढी शोधावी. एचडीएमआय लावल्यावर साध्या वाहिन्याही पिवळ्या पिनेपेक्षा स्वच्छ दिसतात, आणि त्याचे पैसे पडत नाहीत.