बाळंतिणीजवळ बसायला कुणी आहे का?

ग्वाल्हेरकर मंडळी, आज जरा स्पष्टच लिहिते, राग मानू नका.

आपल्या लष्करातल्या वाड्यांत बाळंतपण कधी एकटीचं नव्हतंच. आजी सांगायची, सुईण असली तरी घरातली एक जाणती बाई पाठीला हात लावून बसलेली असायची. औषधपाणी तिचं काम नव्हे. घोटभर पाणी द्यायचं, कंबर चोळायची, "होतंय गं, धीर धर" म्हणायचं, बस. आज बाळंतपणं दवाखान्यात होतात, ती तिथेच व्हावीत. पण त्या बाईला आपण दाराबाहेर का बसवलं?

आपल्या लेकींचं एकवेळ निभावतं. पैसे आहेत, ओळखी आहेत. घाटीगाव, भितरवारकडच्या खेड्यातल्या पहिलटकरणीचं काय? माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची सून अख्खी रात्र एका दवाखान्यात एकटी कळा देत होती आणि सासू फाटकाबाहेर. आत धीराचा शब्द नाही, वर ओरडा.

यावर लोक म्हणतात, "आशाताई असते की!" असते ना. जननी सुरक्षा योजना २००५ ची. आपल्याकडे खेड्यातल्या आईला १४०० रुपये, आशाला ६००. पण साधारण हजार वस्तीमागे एक आशा. लसीकरण, नोंदी, घरभेटी सांभाळून तिनेच प्रत्येकीच्या उशाशी रात्र काढायची?

दुसरं म्हणणं, "आत गर्दी होते." अहो, केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी एक बाई सोबत ठेवायला मान्यता दिली आहे. तिने स्वच्छ कपड्यांत यावं, कर्मचाऱ्यांच्या कामात पडू नये, अशा साध्या अटी आहेत. आणि ही नुसती मायेची गोष्ट नाही. १७ देशांतल्या १५ हजारांहून जास्त बायकांवरच्या अभ्यासांचा आढावा २०१७ मध्ये निघाला. सतत सोबत असली तर कळांचा वेळ घटतो, सिझेरियनही कमी होतात.

मोठ्या शहरांत हिलाच 'डूला' म्हणतात आणि पैसे मोजून बोलावतात. आपल्याकडे तर बाळंतपणं काढलेल्या, हातपाय धड असलेल्या कितीतरी बायका दुपारभर मोकळ्या आहेत. महिला मंडळांनी हळदीकुंकू, भिशी जरूर करावी. पण चार-पाच जणींनी नर्सबाईंकडून रीत शिकून, दवाखान्याची रीतसर परवानगी काढून, जिच्यासोबत कुणीच नाही तिच्याजवळ पाळीपाळीने बसावं. मी नाव द्यायला तयार आहे. आणखी कोण कोण येतंय, खाली लिहा.