कासव म्हणजे कोणते कासव?

मराठी भाषेला शब्दांचे दारिद्र्य नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. पावसाच्या सरींना, जमिनीच्या पोतांना, बैलांच्या रंगांना आपल्याकडे निरनिराळी नावे आहेत. परंतु पाठीवर कवच असलेला कोणताही प्राणी दिसला की आपले शब्दभांडार एकाएकी आटते. समुद्रातले ते कासव, विहिरीतलेही कासव आणि कोरड्या माळावर गवत खाणारेही कासवच. इंग्रजीत निदान जमिनीवरचे ते टॉर्टॉइज आणि पाण्यातले ते टर्टल, अशी ढोबळ वाटणी तरी आहे. आपली ही सरमिसळ पुस्तकापुरती राहिली असती तर काही बिघडत नव्हते. पण तिची किंमत एका मुक्या जिवाला मोजावी लागते, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला पाऊस झाला की तापी, गिरणा, पांझरा, बोरी यांच्या काठच्या गावांत कधी पाटाच्या कडेला, कधी केळीच्या बागेत, कधी भर रस्त्यात कासव सापडते. पाहता पाहता गर्दी जमते. कोणी ते उलटे करून पाहतो, कोणी पाठीवर कुंकू वाहतो, कोणी वाटीभर दूध पुढे ठेवतो. शेवटी एखादा जाणता माणूस निवाडा देतो, ‘टाका विहिरीत, पाणी स्वच्छ ठेवील.’ या मंडळींपैकी कोणाच्याही मनात दुष्टावा नसतो. उलट सगळे दयेपोटीच चाललेले असते. माझे म्हणणे एवढेच की, दयेच्या आधी ओळख हवी. कासव कोणते हे न पाहता दाखविलेली दया पुष्कळदा त्याच्या जिवावर बेतते.

ही ओळख काही अवघड नाही. चार गोष्टी पाहायच्या : पाठ, पाय, नाक आणि डोळ्यामागचा भाग.

पाठ चपटी, हिरवट-तपकिरी आणि चामड्यासारख्या कातडीने झाकलेली, नाक पुढे आलेल्या नळीसारखे, बोटांना पडदे आणि प्रत्येक पायाला तीन नखे असली, तर ते मऊ पाठीचे कासव. प्राणिशास्त्रात त्याला फ्लॅपशेल म्हणतात. या नावाचे कारण पोटाच्या बाजूला दिसते. मागच्या पायांजवळ त्याला कातडीच्या दोन झडपा असतात. पाय आत ओढले की झडपा मिटतात. आफ्रिकेच्या जंगलात एका कासवाच्या पाठीच्या कवचालाच मागे बिजागरी असते व संकट आले की ते मागचा दरवाजा लावून घेते. आपल्या या कासवाने तीच सोय पोटाकडून केली आहे. तळी, पाट, नद्यांचे डोह, विहिरी ही त्याची वस्ती. गोगलगाई, बेडूक, मासे, किडे, मेलेले जनावर आणि पाणवनस्पती असा त्याचा मिश्र आहार असतो.

पाठ टणक, काळसर आणि तिच्यावर लांबीच्या दिशेने तीन कंगोरे असतील, तर ते काळे कासव. तेही पाण्यातलेच.

पाठ घुमटासारखी उंच, काळ्यावर पिवळ्या रेषांच्या चांदण्या आणि पाय हत्तीच्या पायासारखे खांबट असतील, तर ते तारा कासव. हे पूर्णपणे जमिनीवरचे आणि शाकाहारी. गुजरात-राजस्थानचा कोरडा मुलूख आणि दक्षिणेतील आंध्र, कर्नाटक, तामिळनाडूची झुडपी राने ही त्याची घरे. आपल्याकडे एखाद्या गल्लीत ते सापडले, तर बहुधा कोणीतरी ‘लक्ष्मी येते’ म्हणून विकत आणलेले असते.

आणि डोळ्यामागे तांबडा पट्टा असेल, तर ते अमेरिकेतले रेड इअर्ड स्लायडर. दुकानात रुपयाएवढे असते तेव्हा गोजिरवाणे दिसते. वाढले की ताटाएवढे होते आणि कित्येक वर्षे जगते. मग कंटाळलेला मालक एखाद्या संध्याकाळी ते मेहरूण तलावात किंवा नकाण्याच्या तलावात ‘मुक्त’ करावे म्हणतो. ही मुक्ती नव्हे. जगातील सर्वांत उपद्रवी १०० परक्या जीवांच्या यादीत या कासवाचे नाव आहे. ते आपल्या कासवांच्या तोंडचा घास आणि उन्हाला बसण्याची जागा बळकावते.

आता त्या विहिरीचा विचार करू. तारा कासवाला पोहता येत नाही. विहिरीत टाकले की ते बुडून मरते. मऊ पाठीचे कासव विहिरीत जगते, घाणही थोडीफार खाते, म्हणून जुन्या समजुतीत अगदीच तथ्य नाही असे नाही. पण बांधीव विहिरीच्या सरळ भिंती त्याला चढता येत नाहीत. मादीला अंडी घालायला माती लागते, ती तेथे नाही. तळे आटले तर हे कासव चिखलात स्वतःला गाडून घेऊन उन्हाळा काढते किंवा दुसऱ्या पाण्याच्या शोधात निघते. वैशाखात मोटारीने उपसून कोरड्या पडलेल्या विहिरीत त्याने कोठे जावे? आपण ज्याला आसरा म्हणतो ती जन्मठेप असते.

मग सापडलेल्या कासवाचे करावे काय? ते धडधाकट असेल आणि रस्ता ओलांडत असेल, तर ज्या दिशेला त्याचे तोंड आहे त्या बाजूला उचलून ठेवावे, एवढेच. मऊ पाठीच्या कासवाची मान लांब असते व ते चावते, म्हणून कवचाला मागच्या बाजूने दोन्हीकडून धरावे. जखमी असेल तर हवेशीर खोक्यात सावलीला ठेवावे. पाण्यातल्याच्या अंगावर ओले गोणपाट घालावे. जमिनीवरच्याला कोरडे ठेवावे. जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हात गच्चीवर ठेवलेले घमेले म्हणजे तवाच. दूध, पोळी, पाव काही घालू नये. एकदोन दिवस उपाशी राहिल्याने कासव मरत नाही. गळ अडकला असेल तर ओढू नये, दोरा थोडा लांब ठेवून कापावा. कवच फुटले असेल तर घरातल्या चिकटपट्ट्या आणि गोंद दूर ठेवावेत. कवच म्हणजे पाठीवर घेतलेले ओझे नव्हे. पाठीचा कणा आणि बरगड्या त्यातच जोडलेल्या असतात. जखमेवर स्वच्छ फडके टाकून माशा बसू देऊ नयेत आणि पशुवैद्याला गाठावे. हाताळल्यानंतर हात साबणाने धुवावेत.

वन विभागाला कळवायचे तेही लगेच. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे असा प्राणी ही सरकारची मालमत्ता ठरते आणि तो हाती आल्यापासून ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावे लागते. मऊ पाठीचे कासव आणि तारा कासव ही दोन्ही आज पहिल्या अनुसूचीत आहेत. ती पाळणे वा विकणे हा ३ ते ७ वर्षे कैदेचा गुन्हा आहे. ‘कशाला चौकशीचे झेंगट मागे लावून घ्यायचे?’ म्हणून पुष्कळजण गुपचूप विहीर गाठतात, हे मी जाणतो. पण झेंगट कळविणाऱ्याच्या मागे लागत नाही, लपविणाऱ्याच्या मागे लागते. २०१८ साली सिंगापूरहून ५१ तारा कासवे विमानाने बंगळूरला परत आणली गेली. त्यांना मायदेशी पोचविण्यासाठी एवढा खटाटोप होतो आणि आपण साधा एक फोन करायला कचरतो!

ओळखीचा आणखी एक उपयोग आहे. ‘वीस नखांचे कासव पैशाचा पाऊस पाडते’ असे सांगून भोळ्यांना लुबाडणारे भोंदू महाराष्ट्रात अजून आहेत. ज्याला नखे मोजता येतात तो फसत नाही. मऊ पाठीच्या कासवाची नखे बारा. तारा कासवाच्या पुढच्या पायांना पाच-पाच व मागच्यांना चार-चार, म्हणजे अठरा. विसाचा हिशेब साधारणपणे जमतच नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपले काम करीलच, पण साधी मोजणीही पुष्कळ काम करते.

कोणी म्हणेल, हे सारे विज्ञान शाखेचे काम. कला शाखेच्या अंकात त्याचे काय प्रयोजन? मला वाटते, नावे देणे, नावे गोळा करणे हे मुळात भाषेच्या अभ्यासकाचेच काम आहे. तापीकाठच्या भोई बांधवांना विचारले तर ते सगळ्यांना सरसकट ‘कासव’ म्हणत असतील असे मला वाटत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, ते झाडावेतच. पण एका शिबिरात गावोगावच्या वृद्धांकडून कासवांची नावे, ती सापडण्याच्या जागा आणि त्यांच्याविषयीच्या समजुती का लिहून घेऊ नयेत? २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाची लोक जैवविविधता नोंदवही असते. त्या नोंदवहीत अहिराणी शब्द आपण नाही भरायचे तर कोणी?

हे होऊ शकते याला पुरावा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला एके काळी समुद्री कासवांची अंडी उकरून नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखली. आज वेळासचा माणूस वाळूवरची रांग पाहून कासव येऊन गेल्याचे सांगतो. आपल्याला समुद्र नाही, पण नद्या आहेत आणि नद्यांना काठ आहेत.

आपल्या संतांनी कासवीची एक सुंदर कल्पना केली आहे : ती पिलांना नुसत्या दृष्टीने वाढविते. प्राणिशास्त्र म्हणते, कासवी अंडी पुरून निघून जाते, पिले आपली आपण वाढतात. कल्पना खोटी ठरली म्हणून हळहळण्याचे कारण नाही. कासवी पिलांकडे पाहत नसेल, तर ते पाहणे आपल्या वाट्याला आले आहे असे समजावे. पुढच्या पावसाळ्यात रस्त्यात कासव दिसले, तर कुंकवाच्या करंड्याकडे आणि विहिरीकडे वळण्याआधी मिनिटभर त्याची पाठ पाहा, पाय पाहा, नखे मोजा. मग ते कोणते आहे हे मोठ्याने सांगा, म्हणजे जमलेल्या गर्दीलाही कळेल.